विहिरीवर आधी पाणी मागितलं होतं

२०२३च्या फेब्रुवारीत चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने, म्हणजे त्या चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेने, समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना करायला मान्यता दिली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. नगरहून मामांनी लिहिलं, "विलायतेतल्या मंडळीने शास्त्र गुंडाळून ठेवलं. तू तिथे राहतेस, सांभाळून राहा." मी ऑक्सफर्डजवळ राहते आणि दर रविवारी याच चर्चच्या एका मंडळीत उपासनेला जाते. मामांना तेव्हा काही लिहिलं नाही, ते आता लिहिते आहे.

त्या ठरावाने लग्नाविषयीची शिकवण बदललेली नाही, एवढं आधी सांगते. ठरावाबद्दल माझं स्वतःचं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. पण वाद कित्येक वर्षं उघडपणे चालला आणि ज्यांच्याबद्दल तो चालला होता ती माणसं तिथे बसून स्वतः बोलत होती. हे पाहिलं आणि मला माझी आतेबहीण आठवली.

तिचा नवरा तिला टाकून नऊ वर्षांपूर्वी निघून गेला. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडून आहे. पूर्वी ख्रिस्ती बायकांना नुसत्या त्यागावरून घटस्फोट मिळतच नसे. २००१च्या दुरुस्तीने ते दार उघडलं, पण कोर्टाच्या तारखा कोणाला चुकल्या आहेत? मधल्या काळात ती एका भल्या माणसाबरोबर राहू लागली. एका रविवारी उपासनेनंतर तिचं नाव घेऊन चिठ्ठी वाचली गेली, की हिला प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून, दूर ठेवण्यात येत आहे. ती तिसऱ्या बाकावर बसली होती. त्याआधी कोणी तिच्या घरी गेलं नव्हतं, आणि एकाही तारखेला तिच्याबरोबर कोर्टात कोणी गेलं नव्हतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो, भाऊ चुकला तर आधी एकटा त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, आणि मग मंडळीला सांग. आमच्या मंडळीने सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केली. शास्त्र गुंडाळून ठेवलं म्हणायचं तर ते इथेही ठेवलं, मामा.

मात्र इथलं सगळं बरं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात एक गृहस्थ यायचे. बायको गेल्यापासून त्यांचं पिणं वाढलं होतं. दुपारी चारलाही तोंडाला वास येई, कप उचलताना बशी वाजायची. आम्ही सगळे हसून त्यांना बिस्किटं पुढे करायचो. एकदा मी विषय काढला, तर उत्तर मिळालं, ते त्यांचं आणि देवाचं आहे, आपण कोण? पुढे ते यायचे थांबले. दार वाजवायला कोणीही गेलं नाही, मीही गेले नाही. या गप्प बसण्याला इथे सौजन्य म्हणतात. मला ते पाप वाटतं, आणि त्यात माझा वाटा आहे.

आमच्या घरापासून वाँटेजला बस जाते. तिथल्या भगिनींच्या मठात पंडिता रमाबाई राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व लहानग्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. या भगिनी लंडनमध्ये फुलमला 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी काम करत. ते बघायला रमाबाईंना नेलं होतं. सुधारलेल्या बायका तिथे आजाऱ्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी काही करायचं असतं, हेच त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाईची गोष्ट, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या लोकांतल्या बाईची!

तो अध्याय मी शेकडो वेळा ऐकला असेन, पण त्यातला क्रम माझ्या उशिरा ध्यानात आला. विहिरीवर येशू तिला पहिल्यांदा म्हणतो, मला प्यायला पाणी दे. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागतो, याचा अर्थ आपल्या मुलखात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तुला पाच नवरे होते आणि आता आहे तो तुझा नवरा नाही, हे तो त्यानंतर बोलतो. काही झाकून ठेवत नाही. आणि बोलतो तेव्हा शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेलेले असतात, ऐकायला तिसरं कोणी नसतं. बाई घागर तिथेच टाकून गावात धावते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये, रमाबाईंनी अशा बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. त्याच मुक्तीच्या आवारात १९०५मध्ये मुली आपली पापं कबूल करत ढसाढसा रडल्या होत्या, म्हणजे तिथे पापाला कोणी पुण्य म्हणत नव्हतं. आणि तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं म्हणाल, तर रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलंय, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. तारण कृपेने मिळतं, मंडळीच्या रजिस्टरात नाव चढल्याने मिळत नाही. मग त्या रजिस्टराच्या जोरावर माझ्या बहिणीला तारणाबाहेर कोण काढणार?

गेल्या नाताळात मी तिच्याकडे गेले. आधी पाणी मागितलं. तिने तांब्या-भांडं आणलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "तूही सांगायलाच आली असशील," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, सांगणार आहे. लग्नाशिवाय असं राहणं बरोबर नाही असं मला वाटतं, आणि ते तुझ्या तोंडावर सांगते. पण आधी पुढची तारीख कधी आहे ते सांग." ती खाली बसली. जानेवारीत सोळा तारीख होती. माझं तिकीट बाराचं होतं, ते मी पुढे ढकललं. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही साडेचार तास बाकावर बसलो. डब्यातल्या तिळाच्या पोळ्या तिने बरोबर आलेल्या तिच्या त्या भल्या माणसाला आणि मला वाटून दिल्या. पुढची तारीख एप्रिलची मिळाली.

मामा, एप्रिलमध्ये मला येता येणार नाही. तुम्ही जाल का तिच्याबरोबर?