‘तुमचा विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सहा जणांकडून आला. आधी नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या, शेवटी आईच्या फोनवर. सार असं : देव प्रत्येक प्रार्थना ऐकतो. तुमची ऐकली नसेल, तर तुमच्या मनात शंका आहे किंवा घरात लपलेलं पाप आहे. औषधावर भरवसा ठेवणाऱ्याचा देवावर भरवसा नसतो. आणि रडगाणं गाऊ नका, त्याने साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची लोकांपुढची ग्वाही, बिघडते. खाली ‘मागा म्हणजे तुम्हांला मिळेल’ हे वचन.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आई बाहेरच्या बाकावर चार-चार तास बसून राहायची. मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तेही दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, कारण एकदा रिक्षातून उतरताना पावसात भिजलं होतं. हा मेसेज तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला विचारलं, “म्हणजे माझंच कमी पडलं का गं?”

म्हणून हे लिहिते आहे.

आधी शंकेचं बघू. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि येशूला तोंडावर सांगतो की माझा विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालवून टाक. म्हणजे अर्धामुर्धाच विश्वास. तरी मुलगा बरा होतो. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय तर प्रत्येक मंडळीत मोठ्याने वाचावा असा आहे. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, आणि मंडळी त्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना करते आहे. पेत्र सुटून दाराशी येतो, रुदा नावाची पोरगी आनंदाने आत धावत सांगायला जाते, तर प्रार्थना करणारेच तिला वेडी ठरवतात! जे मागत होते ते दारात उभं असताना त्यांचा विश्वास बसेना. तरी पेत्र सुटला. आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, दुसऱ्याच ओवीत, हेरोद राजाने याकोब या दुसऱ्या शिष्याला तलवारीने मारलेलं आहे. तीच मंडळी, तोच देव. याकोबासाठी कोणी गुडघे टेकले नसतील का? त्याच्या आईचा विश्वास पेत्रासाठी जमलेल्यांपेक्षा कमी होता, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. एक का वाचला आणि एक का गेला, याचं कारण हे पुस्तक लिहिणारा लूक देत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला मात्र ते ठाऊक आहे.

लपलेल्या पापाबद्दल फार लिहायची गरज नाही. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. सगळं गमावलेल्या नीतिमान ईयोबाचे मित्रही हेच घोकत राहिले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, ईयोबावर नाही.

औषधाचं आणखी थोडक्यात. प्रेषित पौल आपल्याबरोबर फिरणाऱ्या लूकाला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपला तरुण सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. दुसरा सोबती त्रफिम याला तर मिलेत गावात आजारीच मागे ठेवून पुढे जातो. ज्याच्या हातून आजारी बरे झाले त्या पौलाचं हे वागणं आहे. आपल्या अंगातल्या ‘काट्या’साठी, म्हणजे सतत छळणाऱ्या व्यथेसाठी, त्याने तीनदा देवाला विनंती केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

आता मेसेजखालचं ते ‘मागा’ वचन. आणि तसंच योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं, माझ्या नावाने काही मागाल तर मी ते करीन. खोटं कशाला बोलू, भाऊ गेल्यानंतर कितीतरी महिने मला ही वचनं वाचवत नव्हती. अजूनही ती मला पुरती उलगडलेली नाहीत. पण शेवटच्या भोजनाच्या रात्री हे शब्द ज्याने उच्चारले, तो येशू त्याच रात्री गेथशेमाने बागेत जमिनीवर पालथा पडून म्हणत होता की हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळून जावो. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरून त्याने मोठ्याने आक्रोश केला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मेसेजच्या हिशेबाने ही साक्ष बिघडली म्हणायची का? मग स्तोत्रसंहितेतली निम्मी पानं फाडावी लागतील. ८८वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि ते देवालाच उद्देशून आहे.

आम्ही शरणपूरचे, म्हणून एक आठवण. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधप्रवासात सामील झाला. लिव्हिंग्स्टन वर्षानुवर्षं नाईलचा उगम शोधत होते. तो त्यांना सापडलाच नाही. मे १८७३मध्ये ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत सापडले. त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या याच जेकबने. त्या झाडाखाली उभं राहून ‘यांचा विश्वास कमी पडला’ असं त्याला कोणी सांगितलं असतं, तर?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गेलात तर रांगेतल्या बायकांशी बोलून बघा. मागितलेलं मिळालं नाही तरी पुढच्या वर्षी पुन्हा येणाऱ्या कितीतरी भेटतात. त्यांना अविश्वासू म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

गेल्या बुधवारी आमच्याकडे घरप्रार्थना होती. आईने ८८वं स्तोत्र काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. कोणी लगेच आमेन म्हटलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेजारच्या काकू सात वर्षं लेकीला मूल व्हावं म्हणून मागताहेत. त्यांनी हळूच सरकून आईचा हात धरला, आणि म्हणाल्या, “पुन्हा एकदा वाचा.”