तीस दिवसांत पुस्तक? मे महिना तरी येऊ द्या

गोव्यातल्या मराठी लेखक-वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरत असतो. त्याचं सार असं: पुस्तक लिहायला प्रतिभा लागत नाही, पद्धत लागते. लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर घ्या, सगळ्या प्रकरणांचा आराखडा आधीच पक्का करा, रोज 1,667 शब्द लिहा, मागे वळून बघू नका. तिसाव्या दिवशी पुस्तक तयार! काही राहिलंच तर एआय भरून काढेल. हौशी लेखकांची हस्तलिखितं छपाईआधी निस्तरणं हा माझा धंदाच असल्यामुळे तो संदेश माझ्याकडे हटकून येतो, आणि पुढे 'तुमचं काय मत?' असंही येतं. मत असं आहे.

आधी तो 1,667चा आकडा. 50,000 भागिले 30, बस्स. अमेरिकेत 1999 साली सुरू झालेल्या कादंबरी-लेखनाच्या एका उपक्रमातला तो हिशेब आहे: नोव्हेंबरच्या 30 दिवसांत 50,000 शब्दांचा कच्चा खर्डा. कच्चा खर्डा, पुस्तक नव्हे. तो उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये गाशा गुंडाळला, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांच्या गावीही नाही. शिवाय तो हिशेब इंग्रजी शब्दांचा. मराठीत विभक्त्या आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच शब्दांत आपला मजकूर बराच जास्त होतो.

पण खरी अडचण गणिताची नाही. आपल्याकडे पहिलं पुस्तक लिहायला बसणारा माणूस बहुतेक वेळा गावाचा, देवस्थानाचा, घराण्याचा नाहीतर नाटकमंडळीचा इतिहास लिहीत असतो. त्या मजकुराला स्वतःचं वेळापत्रक असतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी घ्या, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणाच्या जलाशयात ते गेलं, माणसं दुसरीकडे वसवली. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि जुने गावकरी तिथे जमतात. 'हा चौथरा कोणाचा? न्हाणी कुठल्या अंगाला होती?' हे विचारायचं तर जागेवर उभं राहून, त्याच काही आठवड्यांत. पाऊस सुरू झाला की पुढल्या मेपर्यंत थांबा. नोव्हेंबरात रोज 1,667 शब्द लिहिणारा कुर्डीवर काय लिहिणार? पाण्यावर लिहील.

जुन्या कागदांचंही तेच. 1961 पूर्वीचा सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये, काही जुनी दफ्तरं मोडीत. वाचून देणारा जाणकार सापडेपर्यंत प्रकरण अडून राहतं, आणि ते राहू द्यावं.

आता आराखडा. एका वाक्यातून परिच्छेद, परिच्छेदातून पान, असं फुलवत नेण्याची एक पद्धत इंग्रजीत लोकप्रिय आहे. कल्पित कथानकाला ती चालते, कारण पुढे काय होणार हे लेखकाच्याच हातात असतं. खऱ्या घडलेल्या गोष्टींवर आराखडा आधी लादला की प्रत्येक पुस्तकाचा साचा एकच होतो: स्थापना, सुवर्णकाळ, उतरती कळा. फोंडा तालुक्यातल्या उत्सवी नाटकांवर लिहिणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी असाच आराखडा आणला होता. तो बाजूला ठेवून आम्ही त्यांच्याजवळचं सगळं कार्डांवर उतरवलं. हँडबिलं, नटांनी हाताने उतरून घेतलेल्या संवादांच्या नकला, मुलाखती. एका कार्डावर एकच गोष्ट, कोपऱ्यात साल आणि ती कुठून मिळाली ते. कार्डं पडवीत जमिनीवर पसरल्यावर एक गठ्ठा आपसूक वाढत गेला. 'स्त्रीपार्टी करणाऱ्याला शालू कोणी दिला.' 'नथ परत करताना मोती नव्हता.' 'पेट्रोमॅक्स शेजारच्या वाड्यावरून.' मागून आणलेल्या वस्तूंचं एक अख्खं प्रकरण तिथे पडलं होतं. कोण कोणाला काय देत होतं आणि कोणाला देत नव्हतं, यातून गाव जेवढं कळतं तेवढं सुवर्णकाळातून कळत नाही. मास्तर आधी नाखूश होते. आता पुस्तक त्याच प्रकरणाने सुरू होतं.

सॉफ्टवेअरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. स्क्रिव्हनर 2007 पासून आहे आणि चांगलं आहे. टिपणं, कार्डं आणि मसुदा एकाच खिडकीत राहतात. पण ते अँड्रॉइडवर नाही, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लेखक फोनवरच लिहितात. संगणकावरच्या वर्डमध्ये प्रकरणांना हेडिंगची स्टाइल दिली की बाजूच्या पट्टीत ती दिसतात, ओढून मागेपुढे करता येतात. बहुतेकांना एवढं पुरतं.

ज्या साधनाबद्दल तो संदेश अवाक्षर काढत नाही, ते म्हणजे फॉन्ट. जुन्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक कोडात, नसतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कन्व्हर्टरने बदलला तर 'गावकऱ्यांचा'चं कुठे 'गावकर्यांचा' होतं, आणि कुठे दिसायला बरोबर पण आतून वेगळ्या कोडाने लिहिलेलं 'गावकर्‍यांचा'. शोध घेतला की अर्ध्या जागा सापडतच नाहीत. गावाच्या इतिहासात हा शब्द किती वेळा येतो, मोजा. म्हणून पहिल्या ओळीपासून युनिकोड, हा माझा एकमेव हट्ट. बोलून टाइप करण्याची सोयही वापरावी, वयस्कर लेखकांना तर वरदानच. फक्त बोलता बोलता माणूस मराठीतून कोंकणीत शिरला की ती काहीबाही लिहिते. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवा.

'मागे वळून बघू नका' हे अर्धं मान्य. खर्डा लिहिताना साल आठवलं नाही म्हणून कपाट उपसायला उठू नये. तिथे '#तपास' असं लिहून पुढे जावं. मात्र छापखान्यात फाइल जाण्याआधी तीच खूण शोधून प्रत्येक जागा बंद करावी. आणि ती जागा एआयला भरायला देऊ नये. ते तुमच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं साल बेधडक ठोकून देईल, आणि देवस्थानच्या पुढच्या बैठकीत उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

राहिलं 'तिसाव्या दिवशी पुस्तक तयार'. लिहून झाल्यावर प्रुफं असतात, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, असतो (आपल्या देशात तो फुकट मिळतो, दलालाला पैसे देऊ नका), आणि ऑफसेट छपाईला द्यायचं असेल तर फर्म्यांचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचा, हिशेब असतो. 16 पानांचा एक फर्मा धरला तर 163 पानी पुस्तक 176 पानांवर जातं. उरलेल्या 13 पानांवर लेखक हमखास स्वतःच्या सत्काराचे फोटो घालायला निघतात. तिथे नामसूची घाला. गावातले लोक पुस्तक हातात घेतल्यावर आधी आपल्या आजोबांचं नाव शोधतात, आणि युनिकोडात असेल तर ती सूची करायला एक दुपार पुरते.