‘आधी डॉक्टर द्या, मग रुग्णसुरक्षा शिकवा’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

१७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो. रुग्णसुरक्षा म्हणजे उपचार करताना चुकीमुळे रुग्णाला इजा होऊ न देणं. तो जवळ आला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर नाही, औषध नाही, आणि हे निघाले चेकलिस्टचे कागद घेऊन रुग्णसुरक्षा शिकवायला. गुणवत्ता हे श्रीमंत देशांचे चोचले. जीव प्यारा असेल तर सरळ नागपूर गाठा, मोठं हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित. चुकलेल्याला निलंबित करा, बाकीचे आपोआप सुधारतील. आणि खेड्यातले पेशंट मरतात ते उशिरा येतात म्हणून.

यातला राग खरा आहे. तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही म्हणून अडलेल्या बाईला रात्री जिल्ह्याला धाडतात, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्या रागातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि निलंबनाचा तर धोक्याचा आहे. एकेक घेऊ.

‘गुणवत्ता हे श्रीमंतांचे चोचले’

भाताच्या रोवणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस पीएचसीत येतो. विष रक्तात भिनलं का, हे पाहायला तिथे मशीन लागत नाही. काचेची कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची, तिच्यात दोन मिली रक्त टाकायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय असं धरून प्रतिविष सुरू करायचं. खर्च जवळपास शून्य. पण नळीला साबणाचा अंश राहिला किंवा काचेऐवजी प्लास्टिकची घेतली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. मण्यार चावली असेल तर उलट: रक्त नीट गोठतं, आणि इकडे पापण्या जड होत जातात. म्हणजे नळी ‘ठीक’ दिसली तरी पेशंटचे डोळे आणि श्वास पाहत राहावंच लागतं. लहान मुलाला प्रतिविष कमी द्यायचं, हाही जुना गैरसमज. सापानं मुलाला विष कमी दिलेलं नसतं, कुप्या मोठ्या माणसाइतक्याच लागतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी नळी कशी धुतली याला चोचले म्हणायचं का?

गडचिरोलीचं उदाहरण तर आपल्या दाराचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन घ्यायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुदोषाची ठरलेली लक्षणं पाहायची, आणि ती दिसली तर जेंटामायसिन हे प्रतिजैविक सुरू करायचं. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे आशाताईंच्या घरभेटींच्या रूपानं देशभर गेलं. गावात डॉक्टर बसवून हे झालेलं नाही. काय पाहायचं ते पक्कं ठरलेलं होतं आणि केलेलं काम कोणीतरी येऊन तपासत होतं, म्हणून झालं.

चेकलिस्टची थट्टा मेसेजमध्ये असतेच. शस्त्रक्रियेआधीची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तपासली गेली. त्यांत लंडन, टोरांटो होते तसं दिल्ली होतं, आणि टांझानियातलं इफाकारासुद्धा. २००९ मध्ये निकाल आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. मात्र इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण देतो. कॅनडाच्या ऑन्टॅरिओत हीच यादी सरसकट लागू केली, तर २०१४ च्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसला नाही. उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर बाळंतपणाची यादी आणि सोबत मार्गदर्शन, असा मोठा प्रयोग झाला. सिस्टरांचं काम सुधारलं, मृत्यू मात्र घटले नाहीत. अडचण आली तेव्हा पुढे हाताळायला कौशल्य नाही, रक्त नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही, तर कागद काय करणार? म्हणून डॉक्टर मागाच. पण ‘आधी ते, मग हे’ असा क्रम लावू नका. डॉक्टर आला आणि नळी साबणाचीच राहिली, तर तोही चुकेल.

‘मोठं हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित’

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. असा कक्ष म्हणजे मशीनांनी भरलेली जागा. परदेशाची भुरळ असेल तर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा १९९९ चा अंदाज घ्या: तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू. गरज असेल तर नागपूरला जावंच लागतं, कोण नाही म्हणतं? पण गेटवरची पाटी पाहून सुरक्षितता ठरत नाही.

‘चुकलेल्याला निलंबित करा’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक घेतो, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

३१ जानेवारी २०२१. पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी हॅंड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं, सुदैवानं सगळी बरी झाली. बातमी देशभर गेली आणि लगेच निलंबनाच्या घोषणा झाल्या. ग्रुपांवर तर ‘अशांना फासावर द्या’पर्यंत गेलं.

आता जरा थंड डोक्यानं पाहा. एका मुलाला चुकून पाजलं तर हातची चूक म्हणता येईल. बारा मुलांपर्यंत ती जाते, याचा अर्थ पहिल्या आणि बाराव्या मुलाच्या मधे चूक पकडणारी एकही पायरी नव्हती. कोरोनाचे दिवस, त्यामुळे लशीच्या बूथवर सॅनिटायझर असायचंच. वास्तविक पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. हा चौकोन पाहून, मोठ्यानं बोलूनच थेंब टाकायचे असा नियम हाडीमासी भिनला असता, तर सॅनिटायझर हातात आलं तरी पुढे गेलं नसतं, कारण त्याच्यावर चौकोनच नाही. आणि टेबलावर लशीच्या पेटीशेजारी दुसरं कुठलंही द्रव ठेवायचं नाही, हा नियम तर फुकटचा आहे.

जगभर हीच वाट धरली गेली. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण चुकून थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि त्याची कुपी इतर कुप्यांसारखीच दिसते. तेव्हा अनेक ठिकाणी ती वॉर्डातूनच काढून औषध भांडारात कुलपाआड ठेवली. सिस्टर तीच, थकवा तोच, पण रात्री दोन वाजता हात चुकायला कुपीच समोर नाही.

निलंबनानं काय होतं तेही पाहा. शेजारच्या पीएचसीतली एएनएम (गावपातळीवरची नर्स) बातमी वाचते आणि एक धडा घेते: चुकलं तर सांगायचं नाही. मग चुकीचं इंजेक्शन भरलं गेलं पण टोचण्याआधी लक्षात आलं, असे वाचलेले प्रसंग कोणाच्या कानावरच जात नाहीत. खरं तर शिकायला तेच सगळ्यात स्वस्त. दारू पिऊन ड्युटीवर आला, पैसे मागितले, जाणूनबुजून हेळसांड केली, त्याच्यावर जरूर कारवाई करा. घाईत बाटली बदलली, त्याला तीच शिक्षा देऊ नका.

‘खेड्यातले पेशंट उशिरा येतात’

काही येतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो, त्याला पेशंटचं अज्ञान म्हणणं निर्लज्जपणा आहे. पण आकडे वेगळंच सांगतात. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, उपचारानं टळू शकणारे मृत्यू मोजले. वर्षाला ८६ लाख. त्यांतले ३६ लाख दवाखान्यापर्यंत न पोचलेल्यांचे, आणि ५० लाख पोचूनही निकृष्ट उपचार मिळालेल्यांचे. भारताच्या वाट्याला पोचूनही गेलेले सुमारे १६ लाख, न पोचलेले सुमारे ८ लाख ३८ हजार.

पोचल्यावरचा उशीर कसा दिसतो? झटके आलेली गरोदर बाई पीएचसीत येते. गाडीत घालण्याआधी झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायला हवा. कधी दिला जातो, कधी ‘लवकर न्या, लवकर न्या’ या गडबडीत राहतो. चिठ्ठीवर नुसतं ‘पुढील उपचारासाठी रेफर’. डोस दिला का, किती, किती वाजता, काहीच नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये पहाटे ती चिठ्ठी हातात घेतलेल्या डॉक्टरला ठरवावं लागतं: परत देऊ, की आधी दिलाय असं समजून थांबू? जास्त झालं तर श्वास मंदावतो, राहिलं तर पुन्हा झटका येतो. आणि विचारायला सोबत आलेल्या सासूशिवाय कोणी नसतं.