एका माणसासाठी अख्खा कायदा

आपल्याकडे खासगी विधेयक म्हटलं की मंत्री नसलेल्या एखाद्या खासदाराने मांडलेलं बिल. अमेरिकेतलं प्रायव्हेट बिल ही वेगळीच भानगड आहे, एकाच माणसाचं नाव घालून त्याच्यापुरता केलेला कायदा! सरकारी गाडीने उडवलं तरी सरकारवर केस करता यायची नाही (राजावर दावा कसा लावायचा, हे इंग्लंडहून आलेलं खूळ), मग आपल्या भागातला काँग्रेसचा, म्हणजे तिकडच्या संसदेचा, सदस्य गाठा, त्याच्या मागे लागा, तो बिल आणणार आणि पास झालं तर पैसे. कायद्याच्या पुस्तकात छापलेला वशिलाच की हा. १९०५ ते १९०७ या दोन वर्षांत असे सहा हजारांवर कायदे पास झालेत, बहुतेक पेन्शनचे. त्याच्या आधी प्रेसिडेंट क्लीव्हलंड तर एकेकाच्या पेन्शनची बिलं वाचून व्हेटो मारत बसायचे, पहिल्या टर्ममध्येच चारशेच्या वर व्हेटो.

१९४६ मध्ये एकदाचं हे आवरलं. त्याच्या आदल्या वर्षी धुक्यात लष्कराचं विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळून १४ माणसं गेली होती. नव्या कायद्याने सांगितलं की सरकारी माणसाच्या निष्काळजीपणाची भरपाई कोर्टात मागा, आणि ज्याची केस कोर्टात होऊ शकते त्याचं बिल, तसंच पेन्शनचं बिल, सभागृहात घ्यायचंच नाही. अंमल १ जानेवारी १९४५ पासून, म्हणजे त्या विमान अपघाताची झळ बसलेल्यांनाही कोर्टात जाता आलं.

मला हे शंभर टक्के पटतं. ज्याची ओळख त्याला भरपाई आणि बाकीच्यांनी बोंबलत बसायचं, याला न्याय म्हणत नाहीत. पण एक दार बंद करताना दुसरं नीट उघडलंय का ते बघायला नको? १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सैनिकाला नोकरीत असताना झालेल्या इजेसाठी हा कायदा नाही. त्या निकालात ज्यांच्या केस होत्या त्यातल्या एका सैनिकाच्या पोटात लष्करी डॉक्टरांनी ऑपरेशन करताना अडीच फुटी टॉवेल विसरला होता, वर लष्कराच्या मेडिकल खात्याचा छापसुद्धा! तरी केस नाही. मग परत तेच, काँग्रेस सदस्याच्या दारात, आणि आता तर असा कायदा दोन वर्षांत एखाददुसरा पास झाला तर झाला.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये सैनिकांना डॉक्टरांच्या चुकीची भरपाई मागायची सोय झाली. कुठे, तर संरक्षण खात्यातच. कोर्टात नाहीच.