लेवीयमधला याजक डॉक्टर नव्हता

ज्यूंचा प्रेषित मोशे याला साडेतीन हजार वर्षांपूर्वी जंतूंचं ज्ञान होतं, असा दावा गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. त्यात म्हटलेलं असतं की बायबलच्या लेवीय पुस्तकातले शुद्ध-अशुद्धतेचे नियम म्हणजे जगातलं पहिलं आरोग्यशास्त्र. महारोग्यांचं क्वारंटाइन तिथे सुरू झालं, डुकराचं मांस किड्यांमुळे वर्ज्य केलं, कालवडीच्या राखेचं पाणी हा जंतुनाशक साबण होता, आणि हे सगळं पाळल्यामुळे युरोपातल्या चौदाव्या शतकातल्या प्लेगात ज्यू वाचले. पुढे पाठवणाऱ्यांना या ग्रंथाचा मान वाढवायचा असतो, हे कळतं. पण ग्रंथ उघडून वाचला की यातलं फारसं काही टिकत नाही, आणि शेवटची ओळ तर घातक आहे.

क्वारंटाइनचंच घ्या. लेवीयच्या १३व्या अध्यायात याजक, म्हणजे पुरोहित, त्वचेवरचा चट्टा तपासतो. शंका आली तर माणसाला ७ दिवस कोंडून ठेवतो, पुन्हा पाहतो, लागलं तर आणखी ७ दिवस. हे कोंडणं चट्टा पसरतो का ते पाहण्यासाठी आहे. शेजाऱ्यांना लागण होईल असा शब्दही तिथे नाही. शिवाय हा आजचा महारोग नव्हे. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत ज्याचा जंतू शोधला तो रोग वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, बधिरपणा आणतो. लेवीयमध्ये बधिरपणाचा उल्लेख नाही, आणि ७ दिवसांत फरक दिसणं अपेक्षित आहे. त्याहून नवल म्हणजे चट्टा पसरत डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग पांढरं झालं, तर याजक त्या माणसाला शुद्ध ठरवतो! संसर्गाची भीती असती तर हा नियम कुणी लिहिला असता?

हाच डाग घराच्या भिंतीवरही पडू शकतो, आणि १४व्या अध्यायातला तो भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरमालकाने याजकाला कळवायचं. मग याजक आत पाऊल टाकण्याआधी घरातलं सगळं सामान बाहेर काढायचं, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. भांडी, अंथरुणं, कपडे त्याच भिंतींआड पडून होते, तरी वेळेत अंगणात आले तर शुद्ध. म्हणजे अशुद्धता लागू होते ती याजकाने ती जाहीर केल्यावर. जंतू कुणाच्या निवाड्याची वाट पाहत नाहीत. पुढे सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यूंच्या नियमसंग्रहामध्ये तर नवरदेवाची तपासणी लग्नाचे ७ दिवस उरकेपर्यंत लांबवायची आणि सणातली सण संपेपर्यंत, असं सांगितलं आहे. ऐन गर्दीच्या दिवसांत सूट!

पाण्याचंही तसंच. मेलेला उंदीर किंवा पाल मातीच्या भांड्यात पडली तर भांडं फोडायचं. पण झऱ्यात किंवा पाण्याच्या टाक्यात मेलेला जीव पडला तरी तो झरा, ते टाकं शुद्धच. अख्खी वस्ती जिथून पाणी पिते, तिथेच नियम सैल.

डुकराबद्दल लेवीय एकच कारण देतं: त्याचे खूर दुभंगलेले आहेत, पण ते रवंथ करत नाही. उंट, ससा यांचं ते याच्या उलट मानतं, म्हणून तेही वर्ज्य. डुकराच्या मांसातल्या ट्रायकिनेला या ज्या किड्याचं नाव पुढे केलं जातं, तो माणसाच्या स्नायूंत पहिल्यांदा दिसला १८३५ मध्ये लंडनला, आणि त्या मांसातून माणसाला आजार होतो हे सिद्ध व्हायला १८६० उजाडलं. निषिद्ध अन्न अपायकारक असतं, असं बाराव्या शतकात मायमोनिडीज या ज्यू पंडिताने लिहिलं होतं, आणि तो स्वतः वैद्य होता. पण पंधराव्या शतकातल्या इसाक अब्रावनेल या ज्यू भाष्यकाराला हे मुळीच मान्य नव्हतं: डुक्कर खाणारे लोक धडधाकट आहेत, आणि तोरा (मोशेची पाच पुस्तकं, लेवीय त्यातलंच) हे काही वैद्यकाचं पुस्तक नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की लेवीयमध्ये वर्ज्य असलेली, खवले नसलेली मासळी ते खात नाहीत, यावरून डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने त्यांना ज्यू म्हणून ओळखलं. त्यांच्या शेजारपाजारचे मात्र मुशी, शिंगाळा, कोळंबी, खेकडे पिढ्यान्‌पिढ्या खात आले आणि ठणठणीत राहिले.

राखेच्या साबणाला दोन ओळी पुरेत. हा नियम लेवीयमध्ये नाही, गणना या पुस्तकात आहे, आणि प्रेताला शिवलेल्या माणसावर ते पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फक्त शिंपडायचं असतं. आणि ती राख गोळा करणारा शुद्ध माणूस त्या कामाने संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो.

मग हे नियम कशाचे? आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याच्या जवळचे, फक्त इथे जन्माने कुणी अशुद्ध नसतो. मुलगा झाला तर आई ४० दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर ८० दिवस. बाळंतपण पाप नाही, आजारही नाही. लेवीय १५:३१ कारण सांगतं: लोकांनी आपल्या अशुद्धतेने देवाचा निवासमंडप विटाळू नये. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने दाखवलं की प्रेत, रक्त, वीर्य, झडणारी त्वचा या सगळ्यांत मृत्यूची छाया आहे, आणि जीवनदात्या देवाच्या घरापासून ती दूर ठेवायची आहे. छावणीबाहेर खड्डा करून शौच झाकण्याचा अनुवाद या पुस्तकातला नियम आरोग्याला नक्कीच हिताचा आहे, पण तिथेही कारण दिलंय ते देव छावणीतून फिरतो हेच.

आता प्लेग. ज्यू वाचले हे खरं नाही, तेही मेले. १३४८ मध्ये पोप सहावा क्लेमेंट यांनी आज्ञापत्रातच म्हटलं की ही साथ ज्यूंनाही मारते आहे, तेव्हा त्यांच्यावर विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊ नका. ज्यू वाचले म्हटलं की ‘ते मरत नाहीत, म्हणजे त्यांनीच केलं’ हा अर्थ सहज निघतो. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, तेव्हा साथ त्या शहरात पोहोचलीही नव्हती. कौतुक म्हणून पाठवली जाणारी ती ओळ अशाच आरोपाला बळ देते. बाकी काही नाही तरी निदान ती ओळ पुढे पाठवू नका.