आरोग्य केंद्राचं गेट कुठल्या रस्त्याला?

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. विषय तुम्हाला माहीत आहेच: कॉलनीच्या टोकाचा मोकळा प्लॉट निवासी विभागातून काढून तिथे नागरी आरोग्य केंद्राचं आरक्षण टाकायचा, म्हणजे ती जागा केंद्रासाठी राखून ठेवायचा, प्रस्ताव आहे. सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. वर लिहिलं होतं, 'वाहतूक कोंडीमुळे आमचा तीव्र विरोध.' मी सही केली नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये दोन-तीन जण माझ्याशी बोलायचे बंद झालेत. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं.

आधी सांगते, ट्रॅफिकची तक्रार खोटी नाही. मी या कॉलनीत १९९४ पासून राहते. तेव्हा मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळायची. आता दुपारी शाळेच्या बस आल्या की सासूबाईंना औषधाच्या दुकानापर्यंत नेतानाही जीव मुठीत धरावा लागतो. कागदावर आपला रस्ता ९ मीटरचा आहे. दोन्ही कडांना चारचाकी उभ्या राहिल्या की जवळजवळ चार मीटर तिथेच संपतात. त्यात गटाराच्या कडेपासून सोडलेली जागा आणि आडव्या लावलेल्या दुचाकी धरा. मधून एक बस कशीबशी निघते, समोरून दुसरी आली की दोघी अडकतात आणि हॉर्न सुरू होतात.

गेल्या आठवड्यात दोन दिवस सकाळी साडेआठ ते दहा मी आमच्या गॅलरीत वही घेऊन बसले. रस्त्यावर रात्रीपासून उभी असलेली प्रत्येक गाडी मी ओळखते. बहुतेक आपल्याच आहेत. काहींना खाली पार्किंग आहे, पण तिथे जुनी कपाटं, सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू आहेत. कोणाला दुखवायला हे लिहीत नाही, त्यात आमचीही एक गाडी होती. परवा आम्ही ती आत लावायला सुरुवात केली. पण आजची कोंडी आरोग्य केंद्र येण्याच्या आधीची आहे, एवढं तरी आपण मान्य करू या.

आता मला सगळ्यात जास्त जे खुपतं ते. नवीन मंडळींना माहीत नसेल, पण आपल्या वॉर्डाच्या विकास आराखड्यात, म्हणजे कुठली जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या डीपीत, दवाखान्याचं आरक्षण पूर्वीच होतं. मागच्या चौकात आता जो अकरा मजली टॉवर आहे, त्याच जागेवर. महापालिकेने वर्षानुवर्षं ती जागा ताब्यात घेतली नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधल्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, आजच्या कायद्यात ती २४ महिन्यांची आहे, संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते मालकाला तिथे बांधता येतं. तसंच झालं. मालकाची चूक नाही, त्याला किती वर्षं टांगून ठेवणार? पण दवाखाना गेला तो गेलाच.

तो टॉवर उभा राहताना आपल्याला कोणी विचारलं का? नाही. निवासी जागेवर नियमात बसणारी निवासी इमारत बांधायला शेजाऱ्यांची सुनावणी लागत नाही. त्या एका इमारतीच्या सगळ्या गाड्या रोज याच ९ मीटरवरून जातात. सार्वजनिक इमारतीसाठी जमिनीचा वापर बदलायचा म्हटलं की मात्र कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, सुनावणी होते, मग प्रस्ताव राज्य शासनाकडे मंजुरीला जातो. म्हणजे आपल्याला बोलायची संधी मिळते ती फक्त सगळ्यांच्या उपयोगाची वास्तू येताना, आणि इतक्या वर्षांचा साचलेला राग आपण तिच्यावरच काढतो. मीटिंगमध्ये मला हेच म्हणायचं होतं, पण आवाज इतके चढले होते की माझं कोणी ऐकलं नाही.

एका काकांनी हिशोब मांडला की असं एक केंद्र ५० हजार लोकसंख्येसाठी असतं, मग एवढे लोक आपल्या गल्लीत येणार का? आकडा बरोबर आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात शहरी प्राथमिक केंद्राचा निकष साधारण तोच आहे. पण ती त्या परिसराची लोकसंख्या झाली, रोजची ओपीडी नव्हे. आणि तिथे येणारं माणूस कोण असतं हेही बघायला हवं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची नात आता चार महिन्यांची आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस द्यायला मावशी आणि त्यांची सून बाळाला घेऊन हायवेपलीकडच्या केंद्रात गेल्या. शेअर रिक्षाने अर्धी वाट, पुढे चालत. तिसऱ्या वेळी नंबर येईस्तोवर दुपार झाली, दोघींचा त्या दिवसाचा रोज बुडाला. बाळाचं लसीकरण कार्ड मावशींनी साखरेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून ठेवलंय. मला दाखवताना त्यांनी आधी पदराला हात पुसले आणि मग ते काढलं. आता नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस बाकी आहे. नाल्यापलीकडच्या वस्तीतून आपल्या टोकाच्या प्लॉटपर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. ही माणसं चारचाकी घेऊन येणार नाहीत. आपल्या घरातले बीपी-शुगरचे पेशंटही पायीच जाऊ शकतील. महिन्याच्या गोळ्यांवर किती पैसे जातात ते आपण सगळे जाणतोच.

तरीही प्रस्ताव जसा आहे तसा मला मान्य नाही. नोटिशीत वाहतुकीबद्दल एक ओळ नाही. गेट कुठे, रिक्षा कुठे थांबणार, रुग्णवाहिका कशी वळणार, काही नाही. नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहिला तर प्लॉटची मागची बाजू १८ मीटरच्या डीपी रोडला लागलेली आहे. तिकडे आज पत्रे ठोकलेत आणि पुढे राडारोडा पडलाय, म्हणून आपल्याला तो प्लॉट फक्त गल्लीतूनच दिसतो. मुख्य गेट त्या बाजूला केलं, आपल्या बाजूला फक्त पायी जाण्यापुरतं छोटं दार ठेवलं, तर वाहनांचा बहुतेक भार गल्लीत येणारच नाही. मी हे तिथल्या बाबूंना विचारलं तर ते म्हणाले, 'ते नंतर बांधकामाच्या वेळी बघतात.' नंतर काय होतं ते या वॉर्डाने पाहिलंय. आत्ताच लेखी मागायला हवं.

आणखी एक भीती मीटिंगमध्ये एका ताईंनी बोलून दाखवली, ती मला पटली. आज आरोग्य केंद्र म्हणतील आणि उद्या जागा एखाद्या खासगी हॉस्पिटलला चालवायला देतील. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं. तेव्हा आरक्षणाच्या नावातच 'महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र' असं स्पष्ट लिहा, ही मागणी आपण करायलाच हवी.

माझा अर्ज मी काल आवक-जावकला देऊन पोच घेतली. त्यात हरकत म्हणून नाही, सूचना म्हणून चार गोष्टी लिहिल्यात: मुख्य गेट डीपी रोडला, रुग्णवाहिका आणि रिक्षांसाठी आवारातच जागा, लसीकरणाच्या दिवशी शाळेच्या बसच्या वेळा टाळणं, आणि गल्लीत सम-विषम तारखेचं पार्किंग, म्हणजे एक कड तरी मोकळी राहील. शेवटच्या सूचनेवर कॉलनीतले काही जण चिडतील हे मला माहीत आहे. पण महापालिकेकडून सगळं मागायचं आणि आपली गाडी इंचभर हलवायची नाही, हे मला जमणार नाही.

हरकती-सूचनांची मुदत शुक्रवारी संपते. अर्जाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी पाठवते. त्यात बदल करा, तुमच्या शब्दांत लिहा. विरोध करायचा असेल त्यांनीही सह्यांच्या कागदावर न थांबता स्वतःचं कारण स्वतः लिहून द्यावं आणि सुनावणीला यावं. मावशींना मी विचारलंय. त्यांची सून सातवी शिकलेली आहे, ती वस्तीतर्फे अर्ज देणार आहे. गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या घरी बसून तो लिहायचा आहे. कोणाला यायचं असेल तर या.