टाको शोधता शोधता नाकी नऊ

इथल्या मेक्सिकन हॉटेलात टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली पोळी, खायला जावं तर पाटीवर मोठ्ठा सोम्ब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी), भिंतीवर निवडुंग, आणि ताटात काय? तर कडक पिवळं कवच, पहिल्याच घासाला फुटून सगळं मांडीवर! अहो, हे तयार कवच अमेरिकेत फोफावलं. मेक्सिकोत टाको म्हटलं की हातात मावणारी मऊ तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, दळून केलेली. तिच्या नुसत्या वासानेच कळतं. आमच्या नशिबी मात्र पाकिटातली मैद्याची, तीही थंडगार.

बरं, मेन्यूत 'अल पास्तोर' लिहिता, तर उभ्या सळईवर रचलेलं डुकराचं मांस फिरताना तरी दिसू दे! लेबनॉनहून आलेल्या लोकांनी शवर्माची पद्धत मेक्सिकोत नेली, मग तिला सुकी मिरची, आचिओते (लाल रंग देणाऱ्या बिया), अननस येऊन मिळाले. इथे तव्यावर परतलेले चौकोनी तुकडे आणि डब्यातला अननस. वर ढीगभर किसलेलं चीज, सगळं झाकायला. कांदा, कोथिंबीर, लिंबू एवढंच हवंय हो!

रेटिंग बघून जावं तर ४.८, आणि कौतुक कशाचं? 'फोटो छान येतात', 'मार्गारिटा (टकिलाचं कॉकटेल) भारी'. टाकोबद्दल कुणी चकार शब्द काढेल तर शपथ. आणि साल्सा, म्हणजे मेक्सिकन चटणी, मागितला की केचपचा सख्खा भाऊ हजर.